खैरियतीची बाजू

संपादकबाईंचा पुण्याहून फोन आला की मी 'चाललंय' म्हणते. गेली काही वर्षं माझं नुसतं चाललंयच. सुरुवातीला बाई 'वा, छान' म्हणायच्या, मग नुसतं 'बरं' म्हणायला लागल्या, आणि अलीकडे तर माझं 'चाललंय' पुरतं तोंडातून बाहेर पडायच्या आत त्या पुण्याच्या हवेबद्दल बोलायला लागतात. भल्या बाई आहेत, टोचून बोलत नाहीत. टोचून बोलल्या असत्या तर मला एकदा तरी भांडता आलं असतं.

माझं एक पुस्तक आलेलं आहे. कथांचं. ते मी कसं लिहिलं हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. शाळेत ऑफ तास मिळाला की लिहिलं, निवडणुकीच्या ड्युटीवर लिहिलं, दिघीच्या जेट्टीवर आगरदांड्याची बोट येईपर्यंत लिहिलं. सगळ्या गोष्टी दुसऱ्यांच्या घरातल्या. दुसऱ्यांच्या घरात माझं लक्ष चांगलं असतं. पुस्तक लोकांना बरं वाटलं. बोर्लीच्या बाजारात बायका थांबवून 'ती गोष्ट आमच्या वहिनीची ना?' असं विचारायला लागल्या, आणि मी नाही नाही म्हणत, घ्यायची ती भाजी अर्धवट टाकून रिक्षात बसायला लागले. तेव्हा संपादकबाई म्हणाल्या, आता स्वतःच्या घराचं लिहा. वडील आखातात आणि आई इकडे, ते दिवस लिहा, मोठं काहीतरी लिहा.

मी हो म्हणाले, कारण मलाही ते लिहायचंच होतं. आमच्या लहानपणी अब्बा कुवेतला होते. दोन-तीन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे, बाकीचा सगळा काळ अम्माने एकटीने काढला. शेवटी ते कायमचे परत आले, दोघांनी काही वर्षं ओट्यावर बसून एकमेकांच्या चहाला नावं ठेवली, आणि मग अम्मा गेली. जाताना तिने कशाबद्दलही तक्रार केली नाही, आयुष्यभर केली नव्हतीच. पण एकदा, मी हायस्कुलात असताना, तिने अब्बांसाठी एक वाक्य उच्चारलं होतं आणि ते त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत स्वतःच पुसून टाकलं होतं. ते ऐकणारी मी एकटी. ते वाक्य पुस्तकात नसेल तर पुस्तक म्हणजे नुसता ईदचा शीरखुर्मा. आणि ते लिहायचं तर अब्बा अजून घरात आहेत, थकलेले आहेत, आणि या वयात ते त्यांच्या कानावर जावं असं मला वाटत नव्हतं.

खरी अडचण ही एवढीच होती. पण ती कबूल करायची सोडून मी स्वतःला सांगत राहिले की मला लिहिण्याची पद्धत सापडलेली नाही.

मग पद्धत शोधणं आलं. अलिबागला एक लेखन कार्यशाळा होती. बोट, मग दोन एसट्या, असं करत मी पोचले तेव्हा पहिलं सत्र संपून बटाटेवडे चालू होते. शिकवणारे गृहस्थ मोठे नाव असलेले, अंगावर पांढरा झब्बा. ते म्हणाले, पहाटे उठा, कुणाशीही एक शब्द न बोलता टेबलाशी बसा, आणि मागे वळून न बघता लिहीत सुटा. टेबल तेच, वेळ तीच, खुर्ची तीच. सगळ्यांनी हे लिहून घेतलं. मीही घेतलं. माझ्या शेजारच्या बाईने 'खुर्ची तीच' याच्याखाली दोन रेघा मारल्या. परतीच्या एसटीत मला खूप उत्साह वाटत होता, तो रेवदंडा येईपर्यंत टिकला.

माझी शाळा सकाळची. पहाटे कुणाशीही एक शब्द न बोलता बसायचं म्हणजे आधी घरातल्या सगळ्यांना तसं सांगायला हवं, आणि सांगायचं म्हणजे बोलणं आलंच. फजरच्या नमाजाला अब्बा उठतात, त्यांना चहा लागतो, चहाबरोबर बटर लागतं, बटर मऊ झालं तर दुसरं लागतं. नवरा बंदरावर नोकरीला आहे, त्याचा डबा. पाण्याची मोटर त्याच वेळेला लावावी लागते, कारण नंतर लाइट असेलच असं नाही. तरीही मी टेबल आणलं. सुताराकडून करवून घेतलं, चांगलं सागाचं. एक आठवडाभर त्याच्याशी बसले आणि मग त्यावर अब्बांच्या औषधांचे डबे आले, डब्यांमागून इस्त्रीचे कपडे आले, आणि खुर्ची अंगणात गेली. नवऱ्याने एकदा विचारलं, ह्या टेबलाचं काय करायचं ठरवलंयस? मी म्हटलं, त्यावर कादंबरी लिहायची आहे. तो म्हणाला, मग कपडे कुठं ठेवू?

दिवाळीच्या सुट्टीत श्रीवर्धनला एका नातेवाइकाच्या होमस्टेमध्ये खोली घेऊन राहिले. खिडकीतून समुद्र, नारळीची झाडं, खाली पर्यटकांची मुलं आरडाओरडा करतायत. लिहायला आलेल्या बाईसाठी त्यांनी मुद्दाम शांत खोली दिली होती. तिथे मी भराभर लिहिलं. इतकं लिहिलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. अम्मा हसते आहे, विहिरीवर बायका गप्पा मारतायत, ईदला अब्बांनी पाठवलेल्या कापडाचे कपडे शिवले जातायत, सगळ्या पोरींना एकाच ताग्याचे. सगळं खरं होतं, एकही गोष्ट मी बनवलेली नव्हती. पानं बाईंना पाठवली. त्यांनी वाचून फोन केला आणि बराच वेळ चांगलं चांगलं बोलून शेवटी म्हणाल्या, "फक्त एक विचारू का? यात कुणाला काही होत का नाही?"

मी म्हटलं, होईल पुढे.

फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही, नुसता कंटाळा आला. पन्नाशीच्या पुढे माणसाला रडायला सुद्धा सवड लागते. मी ठरवलं की हे काही आपल्याच्याने होणार नाही, उन्हाळ्यात बाईंना तसं स्पष्ट सांगून मोकळं व्हायचं. एक पुस्तक झालं, ते पुष्कळ झालं. शाळेतल्या एका बाईंनी निवृत्तीनंतर कोकम सरबताचा धंदा काढला आहे, तो चांगला चालतो.

त्याच सुमारास अब्बांची नजर गेली. पूर्ण नाही, पण वाचता येईना. डॉक्टर म्हणाले, आता या वयात ऑपरेशन नको. अब्बांना पेपर लागायचा, उर्दू आणि मराठी दोन्ही, पहिल्या पानापासून लग्नाच्या जाहिरातींपर्यंत. ते बंद झालं आणि ते दिवसभर खाटेवर पडून वैतागायला लागले. मी शाळेतून येऊन जेवण उरकलं की दुपारी त्यांच्यापाशी पेपर वाचायला बसायचे. त्यांना माझं वाचणं आवडायचं नाही. मी मथळे वाचून पुढे जाते आणि आत काय लिहिलंय ते गाळते, अशी त्यांची तक्रार. ती खरीच होती.

एके दिवशी म्हणाले, "ठेव तो पेपर. तू लिवतेस ते वाच."

मी श्रीवर्धनची पानं आणली. पहिलं पान संपायच्या आत अब्बा घोरायला लागले. लेखकाचा अपमान करायच्या पुष्कळ तऱ्हा असतात, ही त्यातली सगळ्यात प्रामाणिक. दुसऱ्या दिवशी पुढचं पान वाचलं, तेव्हाही तेच. तिसऱ्या दिवशी मी पानं आणलीच नाहीत. अब्बा म्हणाले, "मग तोंडानं सांग." मी वैतागून तोंडाने सांगायला लागले. आमच्या घरातल्या बोलीतच सांगत होते, दुसरं कसं सांगणार? पोरींना एका ताग्याचे कपडे शिवले त्या ईदचंच सांगत होते. आणि सांगता सांगता असं एक वाक्य आलं की मला वाटलं, हे विसरायला नको. हाताशी कागद नव्हता, पेन नव्हतं, म्हणून फोनवरचा रेकॉर्डर चालू करून फोन उशीपाशी ठेवला आणि सांगत राहिले. अब्बा झोपले तरी मी थांबले नाही. का थांबले नाही ते तेव्हा कळलं नाही. पाय लांब करून भिंतीला टेकून बसले होते, पंखा चालू होता, उठायचा कंटाळा आला होता, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत ऑफ तासाला कानात वायर घालून ते ऐकलं.

स्वतःचा आवाज ऐकणं म्हणजे शिक्षाच. पण मी ऐकलं, कारण मध्येच काहीतरी बदलत होतं. सुरुवातीला माझा आवाज चढा होता, लग्नघरात पाहुण्यांशी बोलताना असतो तसा. सगळं कसं छान, सगळे कसे मजेत. मग मागे अब्बांचं घोरणं सुरू झालं, आणि त्यानंतर थोड्या वेळाने माझा आवाज खाली उतरला. त्या खालच्या आवाजात मी सांगत होते की एका ताग्याचे कपडे आम्हा पोरींना आवडायचे नाहीत, गावातली पोरं आम्हाला पडदे म्हणायची, आणि हे अम्माला माहीत होतं. तिने एकदा रात्रीतून स्वतःची साडी फाडून मला वेगळा फ्रॉक शिवला होता आणि अब्बांना कळू नये म्हणून त्या फ्रॉकवर माझा फोटो काढू दिला नव्हता. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला ते आठवतंय हे सुद्धा मला आठवत नव्हतं.

मी वायर काढली आणि समोर बसलेल्या चित्रकलेच्या सरांना म्हटलं, टेप भरत होते मी. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही.

टेप भरणं. हा शब्द आमच्या गावात आता कुणी वापरत नाही, कारण वापरायला टेपच राहिल्या नाहीत. त्या काळी फोन म्हणजे पोस्टात जाऊन तासन् तास बसायचं, आणि पत्र लिहायचं तर निम्म्या घरांतल्या बायकांना लिहिता येत नव्हतं. मग टेप भरायची. अब्बांनी पहिल्या सुट्टीत टेपरेकॉर्डर आणला होता, तिकडून सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कोऱ्या कॅसेटी यायच्या, आणि परत जाणाऱ्याच्या हाती भरलेली कॅसेट जायची. गावात जवळजवळ प्रत्येक घरात हेच. टेप भरायच्या दिवशी अम्मा चटई टाकायची, कोंबड्या बाहेर हाकलायची, दार लावून घ्यायची, आणि आम्ही पोरी हात धुऊन बसायचो. हात का धुवायचे ते मला अजून माहीत नाही.

बोलण्याचा क्रम ठरलेला असायचा. आधी सलाम. मग 'इथं सगळी खैरियत हाय, तुमची खैरियत अल्लाकडं मागतो.' मग शेजारपाजारचे सलाम. मग अभ्यास, नमाज, आंबे, कुणाची लग्नं. आणि वाईट बातमी टेपमध्ये भरायची नाही. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण प्रत्येक घरात पाळलं जायचं. तिकडे माणूस एका खोलीत सात-आठ जणांबरोबर राहतो, कामावरून येऊन टेप लावतो, सगळे मिळून ऐकतात. त्याला इथली वाईट बातमी कळून तो काय करणार आहे? विमानात बसून येणार आहे? तेव्हा खैरियत. एका वर्षी वादळाने घराची अर्धी कौलं गेली होती, आम्ही प्लॅस्टिकखाली बसलो होतो, ते प्लॅस्टिक फडफडत होतं, आणि अम्मा टेपमध्ये सांगत होती की यंदा हवा फार छान हाय.

तर मी हे शिकले होते. बोलायला सुरुवात केली की आधी खैरियत. लहानपणीच घशात बसलेली चाल आहे ती, पन्नाशीत कुठे बदलते? मी पहाटे बसो, समुद्रावर बसो, सागाच्या टेबलाशी बसो, माझ्या हातून पहिल्यांदा खैरियतच येणार. पहिल्या पुस्तकाला तो त्रास झाला नाही, कारण ती दुसऱ्यांची घरं होती, त्यांची खैरियत सांगायची जबाबदारी माझी नव्हती. आणि इतकी वर्षं मी खैरियतीची बाजू भरून झाली की थांबत होते, पानं नीट लावून पुण्याला पाठवत होते, आणि त्यात कुणाला काही का होत नाही म्हणून स्वतःला दोष देत होते. कॅसेट उलटी करायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

हे कळल्यावर मला वाटलं, आता सुटले. आता खैरियतीत वेळ घालवायचा नाही, थेट दुसऱ्या बाजूपासून सुरू करायचं. त्या दुपारी अब्बांच्या खाटेपाशी बसले, रेकॉर्डर लावला, आणि सरळ वाईटाला हात घातला. एक वाक्य झालं आणि पुढे शब्दच येईना. तोंड उघडं आणि आवाज नाही. पंख्याचा आवाज तेवढा भरत होता.

"काय झालं?" अब्बांनी डोळे मिटूनच विचारलं. "टेप अडकली?"

मी म्हटलं, "व्हय."

"मग पहिल्यापासून लाव."

पहिल्यापासून लावली. सलाम, खैरियत, आंबे, लग्नं. ते घोरायला लागले आणि पुढचं आपोआप आलं. दुसऱ्या दिवशी परत चोरवाट काढायचा प्रयत्न केला, परत अडकले. मग नाद सोडला. माझी पद्धत ही आहे: आधी चांगलं चांगलं सगळं सांगून घ्यायचं, ते कुठेही छापायचं नाही हे माहीत असताना सांगायचं, समोर एक माणूस लागतं आणि ते झोपलेलं लागतं, आणि मग खरं. म्हणजे प्रत्येक प्रकरण दोनदा करायचं. मग ते ऐकायचं, मग आमच्या बोलीतून लिहायच्या मराठीत आणायचं, त्यात निम्मा जीव जातो, मग टाइप करायचं. एवढा आडवळणाचा मार्ग कुणी कार्यशाळेत सांगितला असता तर मी चहाच्या सुट्टीत पळून गेले असते.

मला ही पद्धत आवडत नाही, हे इथे सांगून टाकते. लोक म्हणतात, स्वतःची वाट सापडली की माणूस मोकळा होतो. मी मोकळी-बिकळी काही झाले नाही. मला मान आखडते, कानात वायर घालून घालून कान दुखतो, शाळेतल्या पोरांना वाटतं बाई क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतायत. फक्त एक झालं. पहाटेच्या माणसांचा हेवा वाटायचा थांबला. ते पहाटे उठतात, मी दुपारी झोपलेल्या माणसाला गोष्ट सांगते. दोघांनाही कुणी बोलावलेलं नाही. संपादकबाईंना मी पुढच्या फोनला 'चाललंय' म्हटलं तेव्हा त्या थबकल्या. म्हणाल्या, या वेळी खरंच चाललंय वाटतं. मी म्हटलं, हो, पण हळू. त्यांनी पुण्याच्या हवेचा विषय काढला नाही.

अशी प्रकरणं होत गेली आणि मी त्या वाक्याच्या जवळ जवळ यायला लागले. आता टाळता येणार नव्हतं. आणि घोटाळा असा झाला होता की ज्यांच्यापासून ते लपवायचं, त्यांच्या खाटेपाशी बसल्याशिवाय मला ते सांगता येणार नव्हतं. मी इतर उपाय करून बघितले. नवऱ्याला सांगायला बसले, तो जागा राहिला. रिकाम्या खाटेपुढे बसून बघितलं, वेड्यासारखं वाटलं. शेवटी मी स्वतःला समजावलं की अब्बांची झोप गाढ असते, घोरणं सुरू झालं की फोन वाजला तरी ते उठत नाहीत. मी घोरण्याची खात्री करून घेईन आणि मग हळू आवाजात सांगेन.

त्या दिवशी शनिवार होता, शाळा लवकर सुटली होती. अब्बा भात आणि सुकटीचं कालवण जेवून आडवे झाले. मी रेकॉर्डर लावला आणि नेहमीपेक्षा लांबलचक खैरियत सांगितली. गावात येऊन गेलेल्या सगळ्या पाहुण्यांची, सगळ्या आंब्यांची. अब्बा घोरायला लागले. तरी मी आणखी थोडी खैरियत सांगितली. मग आवाज उतरवला.

मी सांगितलं की अम्मा टेप भरताना मध्येच थांबायची. हसत हसत बोलत असायची आणि अर्ध्या वाक्यात बटण दाबून टेप बंद करायची. उठून मागच्या पडवीत जायची. आम्ही पोरी चटईवर तशाच बसून राहायचो, आम्हाला हलायची परवानगी नसायची. पडवीतून पाण्याचा आवाज यायचा, तोंड धुतल्याचा. मग ती पदराला तोंड पुसत यायची, दोन बोटांनी दोन बटणं एकदम दाबायची, आणि जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच, त्याच हसण्यात, पुढे बोलायची. एका टेपमध्ये असं कितीदा तरी व्हायचं. आणि एकदा, तिच्यापाशी मी एकटीच बसलेली असताना, ती उठलीच नाही. टेप चालू असताना ती गप्प झाली, माझ्याकडे बघितलं नाही, यंत्राकडे बघितलं, आणि म्हणाली, "आता बास झालं. या तुमी परत."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. नुसतं सांगितलं, दार लावून घ्या म्हणावं तसं. कॅसेट फिरत होती. मग तिने बटण दाबलं, टेप मागे नेली, पुन्हा बरोबर त्या जागी आणली आणि त्या वाक्यावर आमच्या घरी आलेल्या नव्या गाभण बकरीची माहिती भरली.

एवढं सांगून मी थांबले. मला दमल्यासारखं झालं होतं. पंख्याचा आवाज येत होता, आणि मग माझ्या लक्षात आलं की फक्त पंख्याचाच आवाज येतोय.

अब्बा छताकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे होते. त्या डोळ्यांना छत दिसत नव्हतं हे मला माहीत होतं, तरी मला वाटलं, कुठे तरी लपावं.

"तो खटका ऐकू यायचा मना," ते म्हणाले.

मी खाटेजवळ सरकले.

"बंद केल्याचा न् परत लावल्याचा. टेपमदी ऐकू येतो तो. रूमवरची पोरं म्हनायची, तुझी टेप खराब हाय, दुसरी मागव. मी म्हनायचो, व्हय, खराब हाय. खटका आला का मी बी टेप बंद करायचो. बाहेर जिन्यात जाऊन उभा राह्यचो जरा वेळ. मग येऊन परत लावायचो."

मी अब्बांचा हात धरला. तो थंडगार होता, पंख्याखाली असतो तसा. मला त्यांना विचारायचं होतं की मग तुम्ही आला का नाहीत, आणि मला हेही माहीत होतं की हे विचारायचं नसतं. आमच्या घरात दोन माणसांनी दोन देशांत एकाच जागी टेप बंद केली होती आणि दोघांनीही एकमेकांना खैरियत कळवली होती. अम्माला हे कधीच कळलं नाही, याचं मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की पुस्तकाचं काय होईल हा विचारही मनात आला नाही.

"काय म्हनाली ती?" अब्बांनी विचारलं. "परत सांग."

"आता बास झालं," मी म्हटलं. "या तुमी परत."

"व्हय," अब्बा म्हणाले. मला नाही.